अंगावरचं दूध आटवायच्या गोळीबद्दल पण चार ओळी छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही स्तनपान सप्ताहाची पुरवणी काढता, मी दरवर्षी वाचते, यंदाची पण वाचली. चांगलीच होती. चिकाचं दूध टाकू नका, पहिल्या तासात बाळाला घ्या, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, सगळं बरोबर आहे आणि माझी दोन्ही पोरं अंगावरच वाढलीत त्यामुळे माझं त्यावर काही भांडण नाही. पण आठच्या आठ पानं उलटीपालटी करून बघितली, जिला दूध आलंय आणि पाजायला बाळच नाही अशा बाईसाठी कुठं एक ओळ सापडली नाही. अशा बाया असतात हो. आमच्याच घरात एक आहे, माझी धाकटी जाऊ. तिला विचारूनच हे पत्र लिहितेय, फोनवर टाईप करतेय, चुका असतील तर तुम्ही सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. बीपी वाढलं होतं, पायावर सूज होती, गोळ्या चालू होत्या, एक दिवस हालचाल लागेना म्हणून नेलं तर सोनोग्राफीत ठोके नाहीत. कळा आणून बाळंतपण केलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातली चार वर्षं दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलेली, ते काय सांगत बसत नाही. दवाखान्याचं नाव पण लिहित नाही, तिथल्या लोकांनी जीव वाचवायला हात आखडता घेतला असं आम्ही कुणीच म्हणत नाही. दोन दिवसांनी डिस्चार्ज दिला. कार्डावर बीपीची गोळी, रक्तवाढीची गोळी, टाक्यांना लावायचं मलम, आठ दिवसांनी दाखवायला या. दुधाचं एक अक्षर नाही. तोंडी पण नाही.

आणि आम्हाला पण सुचलं नाही बघा. घरात चार बाया, सासूबाईंची पाच बाळंतपणं झालेली, माझी दोन, तरी एकीच्या पण डोक्यात आलं नाही की आता दूध येणार. बाळ नाही म्हणजे दूध नाही असंच काहीतरी मनात धरलेलं. तिसऱ्या रात्री दोन वाजता ती उठून बसली, ब्लाऊज ओला, छाती दगडासारखी, काखेपर्यंत गाठी आलेल्या आणि हात खाली करता येईना. मला उठवलं आणि म्हणाली, अक्का हे काय होतंय, कुणासाठी येतंय हे. मी काय सांगू तिला.

नंतर ज्या डॉक्टर मॅडम भेटल्या त्यांनी समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, शरीराला बाळ रडलं की नाही हे कळत नाही, वार पडली एवढंच कळतं. गरोदरपणात वारेतून येणारं हार्मोन दुधाला अडवून धरतं, वार बाहेर पडली की ते झपकन उतरतं आणि मग मेंदूच्या खालची ती वाटाण्याएवढी ग्रंथी आहे ना पिट्युटरी, तिचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, मोकळं सुटतं, दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. बाळ जिवंत असो नसो. छाती तर चौथ्या पाचव्या महिन्यापासूनच तयारीला लागलेली असते, म्हणून पाचव्या सहाव्या महिन्यात गर्भपात झाला किंवा बाळात दोष निघाला म्हणून करावा लागला, तरी त्या बाईला दूध येऊ शकतं. तिला तर कुणी बाळंतीण पण म्हणत नाही, तिनं कुणाला विचारायचं.

आता आमच्या घरातला गोंधळ ऐका. बाळंतपणासाठी सासूबाईंनी महिनाभर आधीच डिंक आणून ठेवलेला, अळीव आणलेले, खसखस, खारीक पूड, शतावरी कल्पाचे दोन डबे. आता बाळंतिणीचं अंग भरून यायला पाहिजे, कंबर धरून राहायला नको, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिला अळिवाची खीर आणि शतावरीचं दूध चालू. म्हणजे जे सगळं आपण दूध वाढावं म्हणून देतो तेच! सासूबाईंची माया होती त्यात, दोष देत नाही, त्या रडत रडतच खीर ढवळत होत्या. पण खीर खाऊ घालायची आणि रात्री छातीला पंचा आवळून बांधायचा असा प्रकार आमच्याकडे दीड दिवस चालला. करकचून बांधल्यानं पण उलटंच होतं असं नंतर कळलं, दुखणं वाढतं आणि गाठी बसतात.

शेजारची एक म्हणाली मोगऱ्याची फुलं बांधा. ऐकून मला हसू आलं होतं, आता येत नाही. माझी भाची नर्सिंगला आहे, तिनं शोधून काढलं की दक्षिणेकडे ही जुनी रीत आहे आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ती तपासून १९८८ साली त्याच्यावर लेखसुद्धा छापलाय. काही बायांना फुलं बांधली आणि काहींना ब्रोमोक्रिप्टीन नावाची दूध आटवायची गोळी दिली. प्रोलॅक्टिन गोळीनं जास्त उतरलं, पण दूध कमी होणं, छाती दाटणं, दुखण्याच्या गोळ्या किती लागल्या ह्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. आमच्याकडे मात्र ऑक्टोबरात मोगरा कुठला आणायचा.

तर मुद्दा गोळीचा. चौथ्या दिवशी सकाळी माझे दीर मेडिकलमध्ये गेले. आता ह्यात एक विचित्र गोष्ट आहे. दिवस राहत नव्हते तेव्हा जावेचं प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं होतं आणि त्यासाठी तिला ब्रोमोक्रिप्टीन दिली होती, तो जुना कागद फाईलमध्ये होता. मूल व्हावं म्हणून जी गोळी खाल्ली तीच गोळी मूल गेल्यावर दूध बंद करायला पण चालते, हे मेडिकलवाल्याला माहीत होतं. तो म्हणाला हीच द्या, सकाळ संध्याकाळ, चौदा दिवस. दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असं स्ट्रिपवरच छापलेलं असतं, पण चार वर्षं जुना कागद त्याला पुरला. बाईला बीपी आहे का, हे त्यानं विचारलं नाही, दिरांनी सांगितलं नाही, आणि आम्हा बायकांना ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. जाऊ बीपीची गोळी आणि ही गोळी एकाच तांब्यातल्या पाण्यानं घेत होती.

दुसऱ्या दिवशी मळमळ, चक्कर. वाटलं अशक्तपणा असेल. तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागलं, डोळ्यापुढं काजवे, उलटी थांबेना. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, कारण तो जवळ होता, तिथं बीपी निघालं १७० वर ११०. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला असेल तर घरी अजून कुठली गोळी चालू आहे. दिरांनी खिशातून स्ट्रिप काढून दाखवली तसा त्यांचा चेहराच बदलला. गोळी तिथल्या तिथं बंद, फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन, तीन दिवस ॲडमिट. वाचली. गोळीनंच हे झालं असं मॅडम म्हणाल्या नाहीत बरं का, बाळंतपणानंतरही आठवडाभर बीपी असं उसळू शकतं म्हणाल्या. पण जिला गरोदरपणात बीपी झालंय तिला ही गोळी द्यायचीच नसते, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यानंतर मी आणि भाचीनं जे वाचलं ते असं. ही गोळी मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाची नक्कल करते आणि डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं, म्हणून दूध आटतं. कंपवाताच्या पेशंटला पण हीच देतात. अमेरिकेत १९८० पासून ती दूध बंद करायला म्हणून अधिकृतपणे मिळत होती, लाखो बाळंतिणींनी घेतली. मग बीपी एकदम वाढणं, फिट येणं, पक्षाघात, हार्ट अटॅक असल्या केसेस पुढं येत गेल्या आणि १९८९ मध्ये तिथल्या औषध खात्यानं कंपन्यांना सांगितलं की दुधासाठी म्हणून विकणं बंद करा. बाकीच्यांनी ऐकलं पण मूळ कंपनी पाच वर्षं अडून बसली, शेवटी ग्राहक संघटनेनं १९९४ साली कोर्टात खेचलं तेव्हा कुठं माघार घेतली. युरोपातल्या औषध खात्यानं २०१४ मध्ये फेरविचार केला, पूर्ण बंदी नाही घातली, पण सांगितलं की बाळ दगावलंय किंवा आईला एचआयव्ही आहे अशा खऱ्या कारणालाच द्या, सरसकट नको, नुसती छाती दाटली म्हणून नको, आणि बीपी, हृदयाचा त्रास किंवा मोठा मानसिक आजार असलेल्या बाईला अजिबात नको. मानसिक आजाराचं ऐकून मी चमकलेच, पण खरंय, डोपामिनचं औषध आहे, भास होणं, भ्रम होणं हे त्यातून होऊ शकतं. बाळ गेलेली बाई आधीच झोपेविना असते, ती काहीबाही बोलायला लागली तर घरचे म्हणणार दुःखानं वेडी झाली. गोळीकडे कुणाचं लक्ष जाणार?

माझी आई सांगते त्यांच्या वेळी इंजेक्शन द्यायचे. ती स्त्री हार्मोनची असायची, त्यानं पायात नाहीतर फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो हे १९६० च्या दशकातच बाहेर पडायला लागलं होतं आणि मग ती मागं पडली. म्हणजे प्रत्येक पिढीच्या बायांवर एक एक औषध वापरून झालं आणि मागून कळलं.

आता नवीन गोळी आहे कॅबरगोलीन. तिचं बरं आहे, चौदा दिवस खायची भानगड नाही, दूध यायच्या आधी पहिल्याच दिवशी दिली तर एक मिलिग्रॅमचा एकच डोस, आणि दूध येऊन गेलं असेल तर पाव पाव मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन दिवस. ब्रोमोक्रिप्टीननं मळमळ जास्त, आणि गोळी थांबली की कित्येकींना दूध परत भरून येतं, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. कॅबरगोलीनला हा त्रास कमी. पण ती पण बीपीवालीला नको, गरोदरपणात बीपी झालेलीला नको, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल तर नको, आधीच्या बाळंतपणात डोकं बिघडलं असेल तर नको. डोस लिहिला म्हणून कुणी हे कात्रण घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, मी त्यासाठी लिहिलेलं नाही, उलट ही गोळी पहिल्या दिवशी दवाखान्यातच विचारायची गोष्ट आहे हे कळावं म्हणून लिहिलंय. आमच्या जावेला तर कुठलीच चालली नसती. तिला ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं की तुला गोळी नाही, पण हे हे कर, तरी सगळं निभावलं असतं.

हे हे म्हणजे काय तर मॅडमनी जे सांगितलं ते मला तरी नवीन होतं. दूध साचून राहिलं की छाती आपोआप समजते की गिऱ्हाईक नाही आणि कारखाना बंद करत आणते. तीन ते पाच दिवस वाईट असतात, मग आठ दहा दिवसांत उतरत जातं, थेंब थेंब पुढं काही आठवडे येऊ शकतं. पूर्ण पिळून काढायचं नाही, कारण रिकामं केलं की परत भरतं, पण अगदीच सहन होईना तर थोडंसं, बरं वाटण्यापुरतं काढायचं. अंगासरशी बसणारी ब्रा दिवसरात्र घालायची, आवळून बांधायचं नाही. गरम पाण्याचा शेक नाही, थंड कापड. आणि आमच्याकडे शेक शेगडी म्हणजे बाळंतिणीचा धर्मच, तिथं थंड म्हणल्यावर सासूबाईंना मोठा धक्का बसला. फ्रीजमधली कोबीची पानं ब्राच्या आत ठेवायची, मऊ पडली की बदलायची. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. एका बाजूला लाल चट्टा उठून ताप आला तर थांबायचं नाही, दवाखाना. बस एवढंच. ह्याला ना औषध कंपनी लागते ना पैसे. अर्ध्या कोबीत काम झालं आमचं.

आमच्या गावच्या आशाताई चांगल्या आहेत, माझ्या वेळी त्या न चुकता यायच्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर घरी त्यांच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसरा दिवस! म्हणजे बरोबर पान्हा फुटायच्या दिवशी सरकारनं माणूस दारात पाठवायची सोय केलेली आहे. पण ती योजना नवजात बाळाची, फॉर्म बाळाचा, वजन बाळाचं. आमच्याकडे त्या आल्या नाहीत. महिन्याभरानं बाजारात भेटल्या तर म्हणाल्या, ताई कुठल्या तोंडानं येऊ, पिशवीत वजनकाटा घेऊन? त्यांचं पण खरंच होतं. पण वजनकाटा घरी ठेवून यायला काय हरकत होती, फेरी बाईसाठी पण असते ना. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृत बाळ जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर ६० दिवसांची खास रजा दिलीय, म्हणजे अशी बाई असते, तिला काहीतरी होतं, हे सरकारी कागदाला मान्य आहे. मग तेच डिस्चार्ज कार्डावर का नाही येत.

दुसरी पण एक बाजू आहे. सगळ्याच आयांना दूध लगेच बंद करायचं नसतं. आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, तिथलं दूध कमी वजनाच्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना जातं. बाळ गेल्यावर काही दिवस दूध दान करून मग हळूहळू बंद करणाऱ्या बाया पण जगात आहेत, त्यांना त्यातून बरं वाटतं म्हणतात. हे मी जावेला नंतर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला नसतं जमलं, पण कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिला दोन्हीतलं काहीच विचारलं नव्हतं ना.

आता कुणी म्हणेल ही बाई गोळीच्या विरोधात आहे नाहीतर स्तनपानाच्या विरोधात आहे. दोन्ही नाही. कॅन्सरचं औषध चालू करायचंय, बाळ दत्तक दिलंय, किंवा एखादीला नाहीच पाजायचं, कारणं तिची तिला माहीत, तिच्या तोंडावर पुरवणी फेकून मारायचा मला अधिकार नाही. डॉक्टरनी तपासून दिलेली गोळी तिनं खुशाल घ्यावी. पण ह्याच्या उलट टोक पण बघितलंय. आमच्या मागच्या आळीतल्या एकीचं पोरगं सव्वा वर्षाचं, अंगावरचं तोडायचं म्हणून तिनं मलाच विचारलं की तुमच्या जावेची ती गोळी उरलीय का. उरलेली गोळी मागत होती हो! पूर्वी कडुलिंब लावायचे, कोरफडीचा गर लावायचे, पोराला चार दिवस आजीकडे पाठवायचे, ते एक वेळ परवडलं. एक एक वेळचं पाजणं कमी करत गेलं तर महिन्याभरात आपोआप सुटतं. मी त्या दिवशी घरी येऊन राहिलेली स्ट्रिप फोडून गोळ्या मातीत पुरल्या, बरोबर केलं का चूक ते माहीत नाही.

तर साहेब माझं मागणं एवढंच. बाळ दगावलं असेल तर डिस्चार्जच्या वेळी नर्सनं पाच मिनिटं बसून सांगावं की दूध येईल, कधी येईल, काय करायचं. गोळी द्यायची तर आधी बीपी मोजून, जुने आजार विचारून मगच. मेडिकलवाल्यांनी बाळंतिणीच्या नावावर जुन्या चिठ्ठीवर ती देऊ नये. आणि जमलं तर अशा बाईची कॉट बाळं रडतात त्या वॉर्डात ठेवू नये, आमची दोन दिवस तिथंच होती, बाजूच्या कॉटवरचं रडलं की हिला कळ यायची. आणि तुम्ही पुढच्या ऑगस्टमध्ये पुरवणी काढाल तेव्हा एका कोपऱ्यात हातभर जागा ठेवा. फोटो नको, फोटोत सगळीकडे बाळच असतं.

आपली नम्र,
एक थोरली जाऊ, मिरज तालुका

ता.क. पाठवायच्या आधी जावेला वाचून दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, अर्धा कोबी नाही, दोन अख्खे गड्डे लागले, बाजारातनं तिनं स्वतः नाही पण दिरांनी आणलेले आणि भाजीवालीनं त्यांना विचारलं होतं घरात लग्न आहे का. आणि दुसरं म्हणजे सगळीकडे बाळ बाळ काय लिहिलंय अक्का, मुलगी होती ती, एक किलो नऊशे.